सरकारी नोकरीत रुजू होताना कपड्यांची तयारी कशी करावी

निवड यादीत नाव लागलं, कागदपत्रांची पडताळणी झाली, नियुक्तीचा आदेश हातात आला, की घरात कपड्यांचा विषय निघतोच. मामा म्हणतात, एक सफारी शिवून घे. मित्र ब्लेझरचे फोटो पाठवतात. आई म्हणते, आता तू साहेबीण होणार, दोन भारी साड्या घे. पहिला पगार व्हायच्या आत हजारो रुपये खर्च होतात आणि त्यातले निम्मे कपडे तालुक्याच्या कचेरीत कधी अंगावर चढतच नाहीत. महसूल सहायक, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, लिपिक-टंकलेखक किंवा मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून नव्याने लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

तयारी करताना डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवा, टेबलाच्या पलीकडे उभा असलेला. तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाहीतर वारसनोंदीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवून, पिशवीत कागद घेऊन आलेला असतो. आपल्याकडे पाहून त्याला बोलायचा धीर व्हावा आणि हा माणूस आपलं काम नीट करील असं वाटावं. कपड्यांकडून एवढीच अपेक्षा आहे. साहेबांवर छाप, बॅचमेटांशी बरोबरी, गावात रुबाब हे सगळं त्याच्या मागून येतं, आणि नाही आलं तरी काही बिघडत नाही.

पहिली पायरी: परिपत्रक स्वतः वाचा

“आपल्याकडे हे चालत नाही” असं सांगणारे कचेरीत खूप भेटतात. मूळ कागद वाचलेले फार थोडे असतात. राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी मंत्रालय आणि राज्यातल्या शासकीय कार्यालयांसाठी पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. नियमित अधिकारी-कर्मचाऱ्यांबरोबर कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार यांचाही त्यात उल्लेख आहे. लोक आपल्याला भेटायला येतात, आपल्या कपड्यांवरून कार्यालयाबद्दल मत बनवतात, म्हणून पेहराव नीटनेटका हवा, असं त्यामागचं कारण दिलं आहे.

त्यातल्या सूचना थोडक्यात अशा: महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझरवर कुर्ता वा शर्ट घालावा, गरज वाटल्यास दुपट्टा घ्यावा. पुरुषांनी शर्ट आणि पँट घालावी. गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे किंवा चित्रं छापलेले कपडे टाळावेत. पायात महिलांनी चप्पल, सँडल किंवा बूट, तर पुरुषांनी बूट किंवा सँडल घालावेत. स्लिपर कुणीही घालू नये. आठवड्यातून किमान एक दिवस, शुक्रवारी, खादी वापरावी. मूळ परिपत्रकात जीन्स आणि टी-शर्ट दोन्हींना मनाई होती. त्यावर बरीच चर्चा झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये जीन्सवरची मनाई उठली. टी-शर्टवरची राहिली.

यात दोन गोष्टी नीट पाहून ठेवा. साडीची सक्ती कुठेही नाही. आणि सफारी, टाय, ब्लेझर यांचं नावही नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर नवीन लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात, त्या नियमाने मागितलेल्याच नाहीत.

काही विभागांचे स्वतःचे आदेश असतात. शाळांतल्या शिक्षकांसाठी शालेय शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ रोजी वेगळा निर्णय काढला. त्यात शिक्षकांना जीन्स आणि टी-शर्ट नको आहेत, आणि पुरुष शिक्षकांनी शर्ट खोचलेला असावा असंही सांगितलं आहे. पोलीस, वन, कारागृह, राज्य उत्पादन शुल्क, मोटार वाहन निरीक्षक यांचा गणवेश ठरलेला आहे आणि त्यांचं प्रशिक्षणातच सगळं होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. शिपाई आणि वाहनचालकांनी गणवेशाचं कापड किंवा रक्कम कधी मिळते ते रुजू होतानाच आस्थापना शाखेत विचारून घ्यावं. न विचारता बसलात तर महिने जातात.

जिल्ह्यात नवे जिल्हाधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी आले की कधी कधी स्थानिक सूचनाही निघते. ती कार्यालयाच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटात असते. पहिल्याच आठवड्यात आपल्या टेबलाशेजारच्या जुन्या कर्मचाऱ्याला विचारा. “काका, इथे कपड्यांचं काही वेगळं आहे का?” एवढा प्रश्न पुरतो.

दुसरी पायरी: फोटो आधी काढा

रुजू होण्याच्या गडबडीत याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमचा एक फोटो सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवला जातो आणि ते पुस्तक निवृत्तीपर्यंत तुमच्याबरोबर कार्यालयामागून कार्यालयात फिरतं. दुसरा ओळखपत्रावर लागतो आणि रोज गळ्यात असतो. परीक्षेच्या अर्जाला लावलेला जुना, चेहरा सुजलेला फोटो इथे वापरू नका.

कॉलरचा, एकरंगी, मध्यम छटेचा शर्ट किंवा साधा कुर्ता घाला. पांढरा शर्ट टाळा, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर खांदे दिसेनासे होतात आणि झेरॉक्स काढली की नुसतं डोकं तरंगताना दिसतं. साडी नेसून फोटो काढत असाल तर पदर दोन्ही खांद्यांवर नको, एका बाजूला पिन लावून घ्या. चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही ठेवा, फक्त काचेवर दिव्याची चमक येणार नाही ते बघायला सांगा. एकाच वेळी पंधरा-वीस प्रती काढून ठेवा. बँक, निवृत्तिवेतन खातं, विमा, ओळखपत्र, प्रशिक्षण केंद्र, सगळीकडे एकेक जाते.

तिसरी पायरी: रुजू होण्याचा दिवस

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा आहे. शिपाई वर्गाची वेळ साडेनऊ ते साडेसहा असते. तुम्ही साडेनऊलाच पोहोचा. त्या दिवशी बहुतेक वेळ बाकावर बसण्यात, झेरॉक्स काढण्यात आणि या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात जातो. रुजू अहवाल लिहून द्यायचा, मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, वैद्यकीय तपासणी बाकी असेल तर जिल्हा रुग्णालय गाठायचं. तिथे रक्तदाब बघताना बाही वर सरकावी लागते, म्हणून घट्ट बाहीचा कुर्ता किंवा कडक कफाचा शर्ट त्या दिवशी नको.

पुरुषांसाठी फिकट निळा, क्रीम किंवा बारीक रेघांचा शर्ट, साधी पँट, पट्टा आणि पॉलिश केलेले बूट एवढं ठीक. महिलांसाठी रोज वापरून सवय झालेला सुती ड्रेस किंवा साडी. नवी कोरी साडी त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. जिन्यावरून चार वेळा वर-खाली करताना सवय नसलेल्या साडीचा त्रास होतो, आणि सगळं लक्ष निऱ्यांकडे राहतं.

दागिने कमी, अत्तर अगदी कमी. कचेरीतल्या खोल्या लहान असतात, पंखा एकच असतो आणि शेजारी दम्याचा त्रास असलेलं कुणीतरी असतं.

चौथी पायरी: पगार उशिरा येणार हे धरून खरेदी करा

हे मला सर्वांत जास्त आग्रहाने सांगायचं आहे. नवीन कर्मचाऱ्याचा पहिला पगार पहिल्या महिन्यात येईलच असं नाही. सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत तुमचं नाव चढतं, निवृत्तिवेतनाच्या खात्याचा क्रमांक तयार होतो, देयक कोषागारात जातं. यात दोन-तीन महिने सहज जातात. पैसे बुडत नाहीत, थकबाकीसह मिळतात, पण तोपर्यंत खोलीचं भाडं, अनामत, मेसचे पैसे आणि बसभाडं हे खिशातूनच भरावं लागतं. परजिल्ह्यात लागलेल्या मुलांनी कपड्यांवर पैसे उधळून मग घरी हात पसरलेले मी पाहिले आहेत.

म्हणून सुरुवातीला एवढंच घ्या: पुरुषांनी चार शर्ट, दोन पँट, एक पट्टा, एक बूट जोडी, एक मागे पट्टा असलेली सँडल. महिलांनी चार कुर्ते, दोन सलवार किंवा ट्राउझर, जमत असेल तर दोन सुती साड्या, आणि पाय न दुखणारी एक चप्पल. घरात यातलं जे आधीच असेल ते वजा करा. कॉलेजमधला साधा, एकरंगी, न विटलेला शर्ट कचेरीत बिनधास्त चालतो.

शिवून घ्यायचं की तयार घ्यायचं? तालुक्याच्या गावी शिंपी चांगला असेल तर पँट शिवून घ्या, शर्ट तयार घ्या. तयार पँट कमरेला बसली तर मांडीला बसत नाही, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला मांडीवर ताणलेली पँट संध्याकाळपर्यंत नको होते. मोठ्या पन्ह्याच्या कापडात एका पँटला साधारण सव्वा मीटर लागतं. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर थोडं जास्त घ्या. शिंप्याला दोन गोष्टी सांगायच्या. कमरेच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया ठेवा, कारण बैठ्या कामात वर्षभरात कंबर वाढते आणि माया असेल तर पँट वाया जात नाही. आणि कापड शुद्ध सुती असेल तर बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून पँट घोट्याच्या वर येते.

कापडाचा विचार गावाप्रमाणे करा. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि पंख्याखाली बसून टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटतो. तिथे सुतीच हवं, इस्त्रीचा त्रास झाला तरी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याचे चार महिने सुती कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो. तिथे थोडं मिश्र धाग्याचं कापड सोयीचं पडतं. मुंबईत लोकलने येणाऱ्यांनी गाडीत चुरगळून जाणारं काही घेऊच नये.

रंगांचंही तसंच. महसूल किंवा भूमी अभिलेख कार्यालयात असाल तर रेकॉर्ड रूममधली जुनी गाठोडी सोडावी लागणार. त्यांच्यावरची धूळ पांढऱ्या शर्टावर बसली की दुपारनंतर तुम्ही दिवसभर गोदामात काम केल्यासारखे दिसता. त्या दिवशी करडा किंवा खाकीसर शर्ट घाला आणि खिशात एक मोठा हातरुमाल ठेवा.

कोल्हापुरी चप्पल चालते का, हा प्रश्न हमखास येतो. महिलांना चप्पल स्पष्टपणे चालते, तेव्हा अडचण नाही. पुरुषांसाठी परिपत्रकात बूट आणि सँडलच आहेत, त्यामुळे काही ठिकाणी बोलणी बसतात. कोल्हापुरीला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या कारागिरांची ही वस्तू सरकारी कार्यालयात मानाने वापरता यावी असं मला मनापासून वाटतं. पण नवीन माणसाने पहिल्या सहा महिन्यांत हा वाद अंगावर घेऊ नये. मागे पट्टा असलेली कोल्हापुरी पद्धतीची सँडल मिळते, तिला सहसा कुणी हरकत घेत नाही.

जीन्सचंही थोडक्यात सांगतो. मनाई नाही, तेव्हा कुणी अडवू शकत नाही. तरी परिविक्षा काळात, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या काळात, एकरंगी, न फाटलेली जीन्स फक्त फिरतीच्या दिवशी वापरा.

पाचवी पायरी: शुक्रवारची खादी

खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं कापड. बाजारात ‘खादी’ या नावाने यंत्रमागाचं जाडसर कापड खूप विकलं जातं. दिसायला ते सारखंच असतं, पण त्यातला पैसा सूत कातणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. खरेदी करताना ‘खादी मार्क’ची खूण बघा आणि खादी भांडारातून किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या दुकानातून घ्या. गांधी जयंतीच्या सुमाराला खादी भांडारांत सूट असते. तेव्हा दोन शर्टांचं कापड घेऊन ठेवलं तर वर्ष निघतं. मराठवाड्यात लागलेल्यांनी नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं काम एकदा जाऊन पाहावं. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक आहे.

खादीचा शर्ट पहिल्यांदा वेगळा, थंड पाण्यात धुवा, रंग जातो. वाळत आला असताना, थोडा ओलसर असतानाच इस्त्री करा, म्हणजे सुरकुत्या बसत नाहीत. पूर्ण वाळल्यावर कितीही दाबली तरी इस्त्री टिकत नाही. खळ हलकी घाला. कडक खळीचा कुर्ता पुढाऱ्याला शोभतो, टेबलावर वाकून लिहिणाऱ्याला काखेत टोचतो.

पाच दिवसांच्या आठवड्यामुळे शुक्रवार हा कामाचा शेवटचा दिवस झाला आहे आणि बाहेरगावचे कर्मचारी त्याच संध्याकाळी घरी निघतात. खादी घातलीच आहे म्हणून गाडीची पिशवी टेबलाखाली ठेवून चार वाजल्यापासून घड्याळ बघू नका. शुक्रवारी आलेल्या माणसाला पुन्हा सोमवारी यावं लागतं, आणि त्याचा आणखी एक दिवस जातो.

सहावी पायरी: फिरतीचे कपडे वेगळे ठेवा

ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी विभागातले कर्मचारी यांचा अर्धा आठवडा बाहेर जातो. त्यांनी कचेरीचे आणि शिवाराचे कपडे वेगळे करावेत. शिवारासाठी पूर्ण बाहीचा सुती शर्ट, जाड पँट, टोपी किंवा उपरणं, आणि चिखलात न घसरणारे बूट. पावसाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी जोडी कायम असू द्या. भिजलेल्या कपड्यांत पंचनामा लिहिता येतो, पण दुपारी तहसीलदारांच्या बैठकीत थंडी वाजत बसणं अवघड होतं.

गारपीट, अतिवृष्टी किंवा पुराचा पंचनामा करायला जाताना कपडे साधे असावेत. ज्याचं उभं पीक आडवं झालं आहे त्याच्या बांधावर झगमगीत कपड्यांत आणि डोळ्यांवर गॉगल लावून उभं राहू नये. उन्हासाठी गॉगल लागत असेल तर वापरा, पण बोलायला लागताना काढा. त्याला तुमचे डोळे दिसले पाहिजेत. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीसाठी घरी जावं लागलं तर पांढरे किंवा फिकट कपडे घाला, ओसरीवर बूट काढा, आणि तिथे जमिनीवर बसता येईल असे सैल कपडे आहेत ना ते घरातून निघतानाच बघा. त्या घरातली माणसं सतरंजीवर बसलेली असतात आणि आपण खुर्ची मागू नये.

ग्रामसभेला, शाळेच्या तपासणीला, मतदान केंद्रावरच्या कामाला हाच साधेपणा चालतो. निवडणुकीच्या कामाच्या दिवसांत कोणत्याही पक्षाच्या रंगाशी जुळणारं उपरणं, टोपी, ठळक रंगाचा शर्ट घालू नका. एक फोटो पुरतो आणि तक्रार निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते.

ओळखपत्र मात्र सगळीकडे दर्शनी भागावर हवं, कचेरीत आणि बाहेरही. लोकांना तुमचं नाव आणि पद विचारायला लागू नये.

महिला कर्मचाऱ्यांसाठी आणखी काही

दुचाकीवरून फिरतीला जात असाल तर साडी आणि लांब ओढणी त्या दिवशी नकोच. चाकात पदर अडकून झालेले अपघात दर जिल्ह्यात ऐकायला मिळतात. कुर्ता-ट्राउझर परिपत्रकात स्पष्ट आहे, तो घाला. कुर्ता शिवताना दोन्ही बाजूंना खोल खिसे मागून घ्या. मोबाइल, चाव्या आणि शिक्क्याची पेटी हातात धरून बांधावरून चालता येत नाही. अनेक ग्रामीण कार्यालयांत स्वच्छतागृहाची सोय वाईट असते किंवा ते लांब असतं. त्यामुळे पटकन सावरता येतील असेच कपडे निवडा, आणि टेबलाच्या खणात एक जादा कुर्ता आणि पाळीचं सामान असू द्या.

“मॅडम, साडी नेसत जा, शोभून दिसते” असं सांगणारे वरिष्ठ भेटतात. शांतपणे म्हणा, “सर, परिपत्रकात ड्रेस चालतो, फिरतीला तोच बरा पडतो.” बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. बोलणं कपड्यांवरून शरीराकडे वळत असेल, पुन्हा पुन्हा होत असेल, तर तारीख-वार लिहून ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षा आणि सदस्यांची नावं फलकावर लावलेली असायला हवीत. तुमच्या कार्यालयात ती नसतील तर कोण आहेत ते विचारून घ्या.

पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या भगिनींना वेगळाच जाच होतो. टिकली लावली तरी कुजबुज, नाही लावली तरी कुजबुज, रंगीत साडी नेसली तर नजरा. नियमात टिकली, मंगळसूत्र, बांगड्या यांबद्दल काही नाही, आणि तुमच्या दुःखाचा हिशेब कपड्यांवरून मागायचा अधिकार कुणालाही नाही. तुम्हाला आवडतो तो रंग घाला. आणि त्याच कार्यालयातल्या इतरांना कळकळीची विनंती आहे: नव्या बाई आल्या की त्यांना टेबल, संगणक, काम समजावून द्या. कपड्यांवर एक शब्दही बोलू नका, कौतुकाचासुद्धा.

सातवी पायरी: समारंभ, न्यायालय, अधिवेशन

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे हे तीन दिवस पक्के धरा. सकाळी लवकर, उघड्या मैदानावर, बराच वेळ उभं राहावं लागतं. पांढरे किंवा फिकट कपडे आणि रुळलेले बूट घाला. नवे बूट त्याच दिवशी घातले की संचलन संपेपर्यंत टाच सोलते. तिरंगी वस्त्रांबाबत जपा. राष्ट्रध्वजाचा कमरेखालच्या पोशाखात वापर करणं हा १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. खिशाला प्लास्टिकचा झेंडाही लावू नका.

मंत्र्यांच्या दौऱ्यात साधे, पूर्ण बाहीचे, खोचलेले कपडे पुरतात. कपड्यांवरून वाद कुठवर जातो याचं एक उदाहरण आहे: २०१५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पंतप्रधानांचं स्वागत करताना गॉगल घातला म्हणून राज्य सरकारने त्यांना नोटीस बजावली. मे महिन्याच्या उन्हात गॉगल घातला म्हणून नोटीस देणं मला योग्य वाटत नाही, पण असं होतं हे माहीत असावं.

न्यायालयात जायची वेळ महसूल आणि भूसंपादनाच्या कामात लवकर येते. तिथे काळा कोट घालून जाऊ नका, तो वकिलांचा पोशाख आहे. फिकट शर्ट, साधी पँट, बूट, ओळखपत्र एवढं ठेवा. महिलांना साडी किंवा साधा ड्रेस. अधिकाऱ्यांच्या कपड्यांवर न्यायालयांत शेरे मारले जात. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये, सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष हजेरीसंबंधीची कार्यपद्धती घालून देताना सांगितलं की, त्या पदासाठी ठरलेल्या पेहरावाचा भंग नसेल तर त्यांच्या कपड्यांवर टिप्पणी करू नये. तेव्हा घाबरून जाऊ नका. नस्ती (प्रकरणाची फाइल) नीट वाचून जा, कपड्यांपेक्षा तारखा विचारल्या जातात.

मंत्रालयात लागणाऱ्यांनी नागपूरचा विचार आधीच करावा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारणपणे डिसेंबरात नागपूरला भरतं आणि त्यासाठी मुंबईहून कर्मचारी जातात. मुंबईत वाढलेल्यांकडे स्वेटर नसतो. नागपूरची डिसेंबरातली सकाळ चांगलीच गार असते, आणि प्रश्नांची उत्तरं तयार करत रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. एकरंगी स्वेटर किंवा बिनबाह्यांचं जाकीट, मोजे आणि कानटोपी घेऊन जा. छापील अक्षरांचं हुडी विधान भवनात नको.

स्वतःची आवड कुठे ठेवावी

एवढं वाचून वाटेल की सगळ्यांनी सारखंच दिसायचं. तसं नाही. परिपत्रकाने कापडाचा पोत, काठ, विणकाम, घड्याळ, पेन, केसांची ठेवण तुमच्यावर सोडली आहे. इरकल, नारायणपेठ, विदर्भातली करवतकाठी, खणाच्या कापडाची चोळी या सगळ्यांत भरपूर रंगत आहे आणि कुणीही त्यांना चित्रविचित्र म्हणणार नाही. पुरुषांनी बंद गळ्याचा कुर्ता शुक्रवारी जरूर घालावा. वारलीची बारीक नक्षी असलेला दुपट्टा घ्या. पाठभर मोठं चित्र असलेला शर्ट घरी ठेवा. आपल्या जिल्ह्यात काय विणलं जातं ते शोधून तेच वापरायची सवय लावली तर कपाट हळूहळू छान भरतं, आणि बदली झाली की नव्या जिल्ह्याची भर पडते.

आठवी पायरी: भेट म्हणून आलेलं कापड

दिवाळीच्या आधी टेबलावर खोकी येऊ लागतात. शर्टपीस, सफारीचं कापड, डब्यातली साडी. कुणी म्हणतं, “काही नाही साहेब, सणाचं आहे.” देणाऱ्याचं काम तुमच्याकडे असेल, पूर्वी झालेलं असेल किंवा पुढे यायचं असेल, तर ते घेऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंवर निर्बंध आहेत आणि कापड ही भेटवस्तूच आहे. गावात ग्रामसभेसमोर शाल आणि नारळ देऊन सत्कार होतो, बाई अधिकाऱ्याची खण-नारळाने ओटी भरतात. तो चारचौघांतला मान आहे, तिथे नम्रपणे हात जोडावेत. कुणी नसताना आणलेलं खोकं ही वेगळी गोष्ट.

नाही म्हणताना आवाज चढवू नका. “दादा, तुमचं काम नियमाने होईल, यासाठी काही आणावं लागत नाही,” असं म्हणून खोकं त्यांच्याच हातात परत द्या आणि कामाची पोच मात्र त्याच वेळी लिहून द्या, म्हणजे भेट नाकारली म्हणून काम अडकेल ही त्यांची भीती जाईल. तुम्ही नसताना घरी कुणी ठेवून गेलं, तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवा आणि कार्यालयप्रमुखांना दोन ओळींचं पत्र द्या. त्या पत्राची प्रत आवक क्रमांक टाकून स्वतःकडे ठेवा. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की दारावर आलेलं कापड घ्यायचं नाही, अगदी ओळखीच्या माणसाने आणलं तरी.